बीएस्सी झालं, सात वर्षं आयसीयूत, तरी एनक्लेक्सचे (अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्स परीक्षेचे) प्रश्न चुकतातच. नाशिकमध्ये राहून तयारी कशी करायची?

नाईटऑफ_नाशिक
रात्री १:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी बीएस्सी नर्सिंग, २०१८ ची पासआउट, आपल्या एमयूएचएसचीच (नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ). तेव्हापासून इथेच नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, व्हेंटिलेटर, आर्टरियल लाईन, सेंट्रल लाईन सगळं रोजचं. नवीन पोरी मला विचारून काम करतात म्हणजे अगदीच ढ नाहीये असं आत्तापर्यंत वाटत होतं.

तर झालं असं की दिवाळीनंतर एनक्लेक्सचं डोक्यात घेतलं, एका मैत्रिणीच्या लॉगिनवरून ७५ प्रश्नांची मॉक दिली आणि ७५ पैकी ३१ बरोबर. एकतीस! मिस्टरांना सांगितलंच नाही, म्हटलं नेट गेलं होतं. त्यातला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकते. तुम्ही शिफ्टला आलात, चार पेशंट आहेत, आधी कोणाला बघाल?
१) ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखणं दहापैकी सात
२) सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०
३) थायरॉइड काढून काही तास झालेत, ओठांभोवती मुंग्या येतायत म्हणते
४) डायबेटिक, शुगर २५०

मी दोन नंबर केलं. आयसीयूत ९० दिसलं की आपण पळतोच ना? चूक आलं. तीन नंबर म्हणे. मुंग्या!! मुंग्या तर आमच्या इनचार्जलाही येतात उभं राहून राहून.

आता खरे प्रश्न. एका क्लासवाल्याने सहा महिन्यांचे ऑनलाईन १ लाख २० हजार सांगितलेत आणि वर "पास झालात की दीड वर्षात अमेरिकेत" असंही म्हणाला. एवढे पैसे घालावेत का? का घरीच करू? तीन शिफ्ट फिरत्या असतात, महिन्यातून आठ-दहा नाईट, मुलगी चार वर्षांची, सासूबाई सांभाळतात पण त्यांचेही गुडघे. आणि माझी डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, त्याचं काय करतात? नक्की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

———

ब्रदर_पंचवटी
सकाळी ७:१५

ताई नाईटवरून आत्ताच आलोय, चहा पीत लिहितोय. आधी तुमच्या त्या प्रश्नाचं, कारण त्यातच सगळं आहे. सीओपीडीवाल्याला ८८ ते ९२ हेच टार्गेट असतं, म्हणजे ९० हे त्याचं नॉर्मल, तो मजेत बसलाय. थायरॉइड काढताना पॅराथायरॉइडला धक्का लागला की कॅल्शियम पडतं, पहिली खूण ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, मग टेटनी (स्नायू आखडणं), मग घसा आवळतो आणि एअरवे गेला. तुम्ही म्हणाल हे तर मला माहितीये. तेच तर! मलाही माहीत होतं, मेड-सर्जला लिहून आलो होतो, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि ट्रॅकचा (गळ्यातून श्वासमार्ग उघडायचा) सेट बेडजवळ ठेवा हेसुद्धा लिहिलं होतं. पण पेपरात "थायरॉइडेक्टॉमीचे कॉम्प्लिकेशन्स लिहा, ५ मार्क" असं यायचं. इथे कोणी कॉम्प्लिकेशन्स विचारत नाही, मुंग्या म्हणतात आणि गप्प बसतात.

मी पहिल्या वेळी नापास झालो, सांगायला लाज नाही. सगळे १५० प्रश्न आले आणि गेलो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, पाच तास. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की सोपा, मागे जाऊन बदलता येत नाही. कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री पटली की हा पास किंवा हा नापास, की तो बंद होतो. त्यामुळे ८५ ला बंद झालं म्हणजे पास असं समजून पेढे वाटू नका, ८५ ला नापासही होतात. नापास झालात तर ४५ दिवस थांबायचं.

माझं सगळ्यात जास्त गेलं ते डेलिगेशनमध्ये. हे काम कोणाला देशील असं विचारतात. तिकडे आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, तिच्या खाली एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, त्याखाली असिस्टंट. आपल्याकडे कसं, मावशी आणि मामा. आणि आपल्या मावशी काय काय करतात तुम्हाला माहितीच आहे, वीस वर्षं झालेल्या मावशी आरटी फीड (नाकातल्या नळीतून अन्न) देतात, वेळ पडली तर पेशंट "बरा दिसत नाही" हे डॉक्टरच्या आधी त्याच सांगतात. मी डोक्यात आमच्या मावशीच धरून उत्तरं देत होतो आणि धडाधड चुकत होतो. मग एकाने सांगितलं की ईट लक्षात ठेव: इव्हॅल्युएट, असेस, टीच, ही तीन कामं आरएनने स्वतःच खायची, खाली द्यायची नाहीत. असिस्टंटला स्थिर पेशंटची अंघोळ, फिरवणं, रोजचे व्हायटल्स. नुकताच ओटीतून आलेल्याचे पहिले व्हायटल्स नाही द्यायचे. एलपीएनला ज्याचं पुढे काय होणार हे ठरलेलं आहे असा पेशंट.

दुसरं औषधांची नावं. आपण ब्रँड बोलतो, नाहीतर ब्रिटिश नावं. तिकडे पॅरासिटामॉल म्हणजे असेटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. मी एक वही केली, डाव्या पानावर आपलं नाव उजव्या पानावर त्यांचं, आणि ड्युटीवर ड्रग ट्रॉली लावताना मनात उजवं नाव म्हणायचो. इनचार्ज म्हणाली ब्रदर पुटपुटता काय.

नावाचं खूप सिरीयसली घ्या. बुकिंगवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर एक पाहिजे, नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात आणि फीही जाते. आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, त्यात लग्नानंतर सगळंच बदलतं. अर्ज पासपोर्टच्या नावाने करा आणि जुन्या-नव्या नावाचा पुरावा, म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट केलं असेल तर ते, हे पहिल्या दिवसापासून फाईलला जोडा. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं रिन्युअल संपलं नाही ना तेही बघून घ्या.

आणि मुंबईला परीक्षेला जाताना पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडायची हुशारी करू नका. पहिल्या वेळी मी तेच केलं, डुलक्या खात पोचलो, तळहाताचं स्कॅनिंग करेपर्यंत अर्धा जीव गेला होता. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी कल्याणला मावशीकडे राहिलो. (ही सख्खी मावशी, वॉर्डातली नाही.)

———

मालेगाव_जीएनएम
सकाळी ९:०२

भाऊ मधेच विचारतो माफ करा, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) वाल्यांना चालतं का ही परीक्षा? आमच्या इथला एक जण म्हणतो बीएस्सीच लागते.

———

ब्रदर_पंचवटी
सकाळी ९:२०

चालतं. मी स्वतः जीएनएम, मागाहून पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरचं बीएस्सी) केलं. पण अमेरिकेत प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, नियम वेगळे. ते बघतात की मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्य या चारांचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास तुझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेत का. काही राज्यं अजून खोलात जातात, थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच काळात झालं का तेही तपासतात, कॅलिफोर्निया त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे राज्य निवडताना तास, सोशल सिक्युरिटी नंबर मागतात का, इंग्रजीची परीक्षा अर्जालाच लागते का, एवढं बघायचं. कॉलेजने तास नीट लिहून दिले पाहिजेत, नाहीतर नंतर कॉलेज बंद पडलेलं असतं आणि क्लार्क रिटायर.

———

सिन्नरकर_यूके
दुपारी १:३०

ताई मी मूळची सिन्नरची, नाशिकलाच शिकले, आता इंग्लंडमध्ये वॉर्डात आहे. मी यूकेचं सांगते म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू दिसतील.

इथली परीक्षा दोन भागांत. पहिला सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, तो भारतातूनच देता येतो, त्यात गणिताचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १००. गणित म्हणजे ड्रिप रेट, मिली काढणं, आयसीयूवालीला काहीच नाही. दुसरा ओएससीई, म्हणजे स्टेशन-स्टेशनने घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा, तो इथे येऊनच, नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिला प्रयत्न. दहा स्टेशन. चार एकाला एक जोडलेले, असेसमेंट प्लॅनिंग इम्प्लिमेंटेशन इव्हॅल्युएशन, चार स्किल्सचे, आणि दोन गप्प बसून लिहायचे.

मी सात वर्षं इंजेक्शनं दिलेली बाई, आणि माझं फेल गेलं ते औषध द्यायच्या स्टेशनवर. सगळं केलं, हात धुतले, चार्ट बघितला, डोस बरोबर, वेळ बरोबर, पण अ‍ॅलर्जी तोंडाने विचारली नाही. चार्टवर लिहिलेली होती, मी डोळ्यांनी वाचली होती, पण परीक्षकाला माझे डोळे काय वाचतायत ते कसं कळणार. इथे सगळं तोंडाने बोलायचं. पुतळा असला तरी त्याला नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, हातातला बँड बघायचा, "मी आता असं असं करणार आहे, चालेल का" म्हणायचं आणि तो पुतळा काही न बोलता पडलेला. मला आधी हसूच यायचं. आपल्याकडे आपण विचारतो का कधी चालेल का? "आजोबा हात द्या" म्हणतो आणि टोचतो. श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट घड्याळ बघून, आपल्यासारखं टीपीआर चार्टवर सगळ्यांना २० नाही टाकायचं. (खरं सांगा, कोणी कोणी टाकलंय.)

फी ७९४ पौंड, पण थोडीच स्टेशन गेली असतील तर फक्त तीच परत द्यायची आणि फी निम्मी. माझं एकच गेलं होतं. त्या दोन-तीन आठवड्यांत रूमवर उशीला बँड बांधून प्रॅक्टिस केली, रूममेट केरळची होती ती पेशंट व्हायची आणि मुद्दाम पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणायची.

ते गप्प बसून लिहायचं स्टेशन मला सगळ्यात नवीन होतं. समजा सहकारी नर्सने चूक केली, पेशंटचा फोटो काढला, तर तू काय करशील. आपल्याला वाटतं तिला बाजूला घेऊन समजावू, मॅडमना कशाला सांगायचं, तिचं घर चालतं. तिकडे बरोबर उत्तर म्हणजे पेशंट आधी, मग वरिष्ठांना कळव, मग नोंद कर. हे पाठ नाही होत, ते मनातून पटवून घ्यावं लागतं.

इंग्रजी आयईएलटीएस ७ पाहिजे, रायटिंगला ६.५ चालतं. नाहीतर ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा), त्यात सगळीकडे बी आणि रायटिंगला सी प्लस. आपल्याला ओईटी बरी, त्यात डिस्चार्ज-रेफरलचं पत्र लिहायचं असतं, ते आपलं रोजचं. पण खोटी आशा लावत नाही, सध्या इथे बाहेरच्या नर्सेसची भरती खूप मंदावलीय. मी आले तेव्हा एका बॅचला आम्ही अठरा जणी होतो, आता तसं दिसत नाही.

———

गंगापूररोड_१९८५
दुपारी ४:१०

मी नर्स नाही, बायको नर्स आहे, त्यामुळे खर्चाची बाजू मी सांगतो. त्या क्लासवाल्याला एकच विचारा: दीड वर्षात अमेरिका, ते कुठल्या रांगेतून? नर्सेसचं ग्रीनकार्ड ईबी-३ (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांचा एक गट) मधून जातं आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग दहा वर्षांच्या वर तुंबलेली आहे. व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, कोणीही बघू शकतं. हिने २०२१ मध्ये एनक्लेक्स काढली. पास. अख्ख्या सोसायटीला मिसळपाव दिला. नंतर इंग्रजी झालं, आयईएलटीएस साडेसहा आणि स्पीकिंगला सात, ते व्हिसास्क्रीनला (अमेरिकेच्या व्हिसासाठी नर्सेसना लागणारं सर्टिफिकेट) लागतं. आणि मग? मग काही नाही. एजंटने फोन घेणं बंद केलं, ५० हजार "प्रोसेसिंग" चे गेले ते गेलेच. नाव घेत नाही, बोर्डही बदललाय त्याने.

पण एनक्लेक्स वाया गेली नाही हे पण सांगतो. ऑस्ट्रेलिया तीच परीक्षा धरतं, कॅनडा तर २०१५ पासूनच धरतं. ऑस्ट्रेलियात एनक्लेक्सनंतर अजून एक ओएससीई असते अ‍ॅडलेडला, बायको आता त्याच तयारीत आहे. न्यूझीलंडनेही २०२३ च्या शेवटी थिअरी आणि ओएससीई असं चालू केलं. म्हणजे एकदा डोकं त्या पद्धतीने चालायला लागलं की दोन-तीन देशांना चालतं. अमेरिकाच डोळ्यासमोर ठेवून कर्ज काढू नका एवढंच.

फी म्हणाल तर एनक्लेक्सची २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेर बसायचे १५० वेगळे, वर टॅक्स, म्हणजे तीसेक हजार नुसती परीक्षा. त्याआधी कागदपत्रं तपासायचे वेगळे. लोक ज्याला अजून सीजीएफएनएस म्हणतात (परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासणारी अमेरिकन संस्था) त्याचं नाव २०२५ मध्ये ट्रूमेरिट झालंय, वेबसाईट शोधताना गोंधळू नका. कागद तुमच्या हातून चालत नाहीत, कॉलेजकडून आणि कौन्सिलकडून थेट गेले पाहिजेत. विद्यापीठ म्हसरूळला आहे हे आपलं नशीब, चंद्रपूर-नांदेडच्या पोरींना विचारा.

———

डॉइचवाला_सिडको
संध्या ६:४५

जर्मनीचं कोणी बोललंच नाही. तिकडे एनक्लेक्स वगैरे काही नाही, जर्मन भाषा बी-२ पातळीची हवी आणि मग तुमच्या डिग्रीची तिथल्या कोर्सशी तुलना होते. जे कमी पडेल ते एका कागदावर लिहून देतात, मग एकतर तिथल्या हॉस्पिटलमध्ये काही महिने काम करत शिकायचं नाहीतर परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर, सगळं जर्मनमध्ये. महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करारही झालाय. माझं बी-१ झालं, बी-२ मध्ये अडकलोय, डेर-डी-दास (जर्मनमधली तीन लिंगं) ने जीव खाल्लाय. आणि मित्र तिकडे गेलाय तो म्हणतो पेशंटची अंघोळ, जेवण भरवणं, सगळं नर्सच करते, नातेवाईक पाच मिनिटं फुलं घेऊन येतात आणि जातात. व्हेंट-बिंट चालवणाऱ्याला पहिले सहा महिने जड जातं.

———

ट्यूटरबाई
रात्री ९:३०

सिस्टर, मी तीसेक वर्षं शिकवलं, आता घरी असते, नातवाच्या टॅबवरून लिहितेय. टाइपिंग चुकलं तर चालवून घ्या.

तुमचे ७५ पैकी ३१ आले यात तुमची चूक आहेच पण आमची जास्त आहे. आठवतंय का केअर प्लॅनची फाईल? असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन असे पाच रकाने, लाल-निळ्या पेनाने पट्टी घेऊन आखलेले. ती फाईल तुम्ही सिनियरची बघून उतरवली, तिने तिच्या सिनियरची, आणि मी सही केली. मला माहीत असायचं. पेशंटचं नाव बदललेलं, बेड नंबर बदललेला, पण "अशक्तपणामुळे पडण्याचा धोका" सगळ्यांना तोच. एकदा तर एका मुलीने पुरुष पेशंटच्या फाईलमध्ये बाळंतिणीचा प्लॅन उतरवला होता. साठ मुली, मी एकटी, आणि इन्स्पेक्शनला फाईल जाडजूड दिसली पाहिजे. तर मुद्दा असा की एनक्लेक्स जे विचारते ते आपल्या सिलॅबसबाहेरचं नाही. ते त्याच पाच रकान्यांत आहे, जे आपण भरले पण केले नाहीत.

एप्रिल २०२३ पासून परीक्षा बदलली, नेक्स्ट जेन म्हणतात. आता प्रत्येकीला तीन केस स्टडी येतातच, प्रत्येकी सहा प्रश्न. आणि ते सहा प्रश्न म्हणजे एकाच विचाराच्या सहा पायऱ्या: यातलं महत्त्वाचं काय दिसलं, त्याचा अर्थ काय, आधी कशाची भीती, काय काय करता येईल, आत्ता काय करशील, आणि केल्यावर फरक पडला का. हे काही अमेरिकेने शोधलेलं नाही हो. मुलगी रात्री तापली की तुम्ही काय करता? कपाळाला हात लावता, मग खेळतेय की मलूल आहे ते बघता, लघवी झाली का विचारता, मग ठरवता की सकाळपर्यंत थांबायचं की आत्ता रिक्षा काढायची. सहाच्या सहा पायऱ्या झाल्या. फक्त वॉर्डात आलो की आपण हे विसरतो आणि "सर, फिव्हर आहे" एवढंच फोनवर सांगतो. कारण सर चिडतात. तुम्ही जेवढं विचार करून सांगाल तेवढे जास्त चिडतात, हेही मला माहितीये.

म्हणून तुम्हाला क्लासपेक्षा एक गोष्ट करायला सांगते, फुकट आहे. रोज ड्युटीवर एक पेशंट निवडा, एकच. हँडओव्हर घेताना मनात म्हणा, याचं आज काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर मला पहिल्यांदा काय दिसेल. शिफ्ट संपताना बघा बरोबर होतं का. खिशात छोटी डायरी ठेवा. आयसीयूत असल्याचा तुम्हाला फायदा आहे पण एक तोटाही आहे, मॉनिटरची सवय. ९० आकडा दिसला की तुम्ही पळालात. जिला मुंग्या येत होत्या तिला मॉनिटरच नव्हता.

प्रश्न सोडवायचे तर दिवसाला ७५ चा हट्ट नको. नाईट असेल त्या दिवशी दहा करा, पण दहाच्या दहा उत्तरांचं कारण वाचा, बरोबर आलेल्यांचंही. चुकलेल्या उत्तरासमोर लिहा, मला माहीत नव्हतं म्हणून चुकलं, की माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही म्हणून, की आपल्याकडे असं चालतं म्हणून. हा तिसरा ढीग तुमचा सगळ्यात मोठा निघेल. नातेवाइकांना आधी सांगायचं आणि पेशंटपासून कॅन्सर लपवायचा, हे आपल्याकडे चालतं. टीबीचा पेशंट खोकत जनरल वॉर्डात, आपल्याकडे चालतं, तिकडे तो वेगळ्या खोलीत आणि तुम्ही एन-९५ लावून. डॉक्टरने लिहिलं म्हणून दिलं, हे तर आपल्याकडे फारच चालतं.

थोडं जुनं सांगते, कंटाळा आला तर सोडून द्या. सीजीएफएनएस १९७७ मध्ये निघाली ती कशामुळे? तेव्हा परदेशातून अमेरिकेत गेलेल्या नर्सेस तिथे पोचल्यावर परीक्षेला बसायच्या, बहुतेक नापास व्हायच्या, आणि मग आया म्हणून कमी पगारात राबायच्या, परत यायची लाज. म्हणून ठरलं की निघायच्या आधीच तपासायचं. माझ्या एका मैत्रिणीची मोठी बहीण त्या काळात गेली होती, तिने घरी पत्रात कधी सांगितलंच नाही की ती तिकडे नर्स नाही म्हणून. फोटो मात्र पांढऱ्या युनिफॉर्ममधले पाठवायची. आता तुम्हाला निदान घरी बसून कळतं आपण कुठे उभ्या आहोत. ३१ म्हणजे ३१.

क्लास वाईट नसतो, पण १ लाख २० हजारात तो तुम्हाला काय देणार ते विचारा. रोज तुमच्या चुकांवर कोणी बोलणार असेल तर घ्या. नुसते रेकॉर्डेड व्हिडिओ असतील तर ते पैसे परीक्षेच्या फीला आणि चांगल्या प्रश्नसंचाला ठेवा.

———

नाईटऑफ_नाशिक
दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:००

सगळ्यांना मनापासून थँक्यू. वाचून आधी हसले मग रडले मग परत वाचलं. ट्यूटरबाई, ते फाईलचं वाचून मला आमच्या मॅडमच आठवल्या, लाल पेनाची सही डोळ्यासमोर आली. श्वास २० टाकण्याबद्दल मी काही बोलणार नाही.

क्लासवाल्याला फोन केला, विचारलं ईबी-३ ची रांग सध्या कुठल्या वर्षावर आहे. म्हणाला मॅडम ते सगळं आमची लीगल टीम बघते. म्हटलं बरं. व्हिडिओ रेकॉर्डेडच आहेत हेही कळलं. तर क्लास कॅन्सल, प्रश्नसंच तीन महिन्यांचा घेतला. मिस्टरांना ३१ चं सांगितलं. ते म्हणाले टक्के किती झाले? ४१. म्हणाले मग पस्तीसला पास असतं ना. आता यांना काय समजावू.

काल रात्री डायरी केली. आमच्याकडे एक आजी आहेत, पोटाचं ऑपरेशन, तिसरा दिवस, सगळं छान. मी लिहिलं: पाय दुखला किंवा एकाएकी दम लागला तर क्लॉट (रक्ताची गुठळी). पहाटे पाचला आजी म्हणाल्या पोटरी दुखते गं. मी बघितलं, एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड होता, गरम पण. मी चोळला नाही (मावशी चोळायला निघाल्याच होत्या, तेल घेऊन!), पाय तसाच ठेवला आणि ड्युटी डॉक्टरला फोन करून नीट सगळं सांगितलं, कोणता पाय, किती फरक, कधीपासून. ते चिडले नाहीत. सकाळी डॉपलर (पायाची सोनोग्राफी) केलं, क्लॉट निघाला. म्हणजे रोजचंच आहे, आधीही दोनदा सापडलाय, पण तेव्हा दिसला म्हणून सापडला, काल मी त्याची वाट बघत होते. कळतंय का मी काय म्हणतेय?

एक अडचण आहे, कुंभमेळ्याच्या आधी परीक्षा व्हायला पाहिजे. आत्तापासूनच मेट्रन म्हणतात २०२७ ला सगळ्या सुट्ट्या बंद.

———

ब्रदर_पंचवटी
दुपारी ३:४०

ताई अर्ज आजच टाका, तयारी होईपर्यंत थांबू नका. कागदांनाच महिने जातात, अभ्यास त्याच्यासोबत होतो. परीक्षेची परवानगी आली की साधारण ९० दिवसांत बसावं लागतं, तेवढं धरून चला. कुंभात अडकलात तर नाईटच्या नाईट आणि अभ्यास गोदावरीत.

———

ट्यूटरबाई
संध्या ७:१०

आजींचं छान केलंत. आता हा घ्या, उद्या सकाळपर्यंत उत्तर टाका, पुस्तक उघडायचं नाही. हार्ट फेल्युअरचा पेशंट, डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड चालू. सकाळी आठचा डोस. पल्स ६४. पोटॅशियम २.९. नाश्ता नको म्हणतो, मळमळतंय, आणि ट्यूबलाईट पिवळी दिसते म्हणतो. काय कराल?
१) पल्स ६० च्या वर आहे, डिगॉक्सिन द्या
२) डिगॉक्सिन थांबवा आणि डॉक्टरांना कळवा
३) केळं खायला देऊन डोस द्या
४) डोस द्या आणि तासाने पल्स परत बघा

———

नाईटऑफ_नाशिक
सकाळी ६:५५

बाई, दोन नंबर. पल्स ६४ म्हणजे ६० च्या अगदी जवळ आलाय, अजून खाली जाईल म्हणून थांबवायचं.

———

ट्यूटरबाई
सकाळी ७:२०

उत्तर बरोबर, कारण चूक. पल्स ६४ ला डोस थांबवत नाहीत, नुसत्या पल्सवर मीही दिला असता. तुम्ही परत आकड्याकडे बघितलंत. ट्यूबलाईट कोणी बघायची? परत सोडवा.